रक्ताला थंड पाणी

सुमनअक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ओरडूनच. यावलच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. बाळंतपणाची ड्यूटी करून मी खोलीवर आले, रक्त लागलेला पांढरा युनिफॉर्म बादलीत टाकला आणि वरून कढत पाण्याचं तपेलं ओतणार, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून एक पन्नाशीची बाई धावत आली आणि तिने माझं मनगटच धरलं.

"गरम पानी नको टाकू, पोरी! रगत शिजी जाई. मंग जलमभर निंघाव नही."

माझ्या होकाराची वाट न बघता तिने बादली उचलून स्वतःच्या मोरीपाशी नेली. थंड पाणी, मूठभर मीठ, पुन्हा थंड पाणी. चोळणं नाही, आपटणं नाही. पाणी गुलाबी झालं की ओतून द्यायची आणि नवं घ्यायची. तासाभराने युनिफॉर्म माझ्या दोरीवर होता आणि डाग कुठे पडला होता ते मलाही दाखवता आलं नसतं.

ती मूळची दोंडाईच्याकडची, लग्न होऊन यावलला आलेली. इतकी वर्षं झाली तरी तिने माहेरची बोली सोडली नव्हती. तिचा नवरा केळीच्या कापणीला जायचा. खांद्यावरून घड वाहताना केळीचा चीक सदऱ्यावर पडतो, आणि तो सुकला की काळपट तपकिरी डाग कापडाबरोबरच जातो. संसाराची पहिली काही वर्षं अक्काने त्या चिकाशी झगडण्यात घालवली. ओला असतानाच त्यावर रॉकेल चोळायचं, हे तिचं तिने शोधून काढलं होतं. पुढे नवरा गेला. अक्का अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि एकुलत्या एका मुलीला, वंदनाला, तिने वाढवलं. पण हाताला लागलेली ती विद्या सुटली नाही. गल्लीतल्या बायका डाग पडलेलं कापड घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. शाईला दूध, गंजाला लिंबू आणि मीठ, तेलाच्या डागावर खडूची पूड. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि बाया घाबरतात. अक्का म्हणायची, "काही व्हत नही. ऊन खाऊ दे त्याले." दोन दिवसांच्या उन्हात हळद खरोखरच उडून जायची.

कापडाला हात लावण्याआधी तिचे तीन प्रश्न ठरलेले असत. काय सांडलं, कधी सांडलं, आणि त्यावर काय काय लावून झालं? शेजारच्या मास्तरांच्या सुनेने सासूच्या शालूवर नेलपॉलिश सांडवलं आणि भीतीने ते कुंकू म्हणून सांगितलं. अक्काने शालूचा डागाळलेला पदर नाकाशी नेला आणि शालू तिच्या मांडीवर परत ठेवला. "हाई कुंकू नही शे. खरं सांग, नही ते लई जा. डागले खोटं चालत नही." सून रडली, खरं बोलली. डाग सुटला आणि सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. अक्काच्या पोटात गोष्ट राहायची. त्यामुळेच तिच्याकडे सगळ्या येत.

वंदनाचं लग्न दोंडाईच्यात झालं होतं, अक्काच्या माहेरच्याच ओळखीने. जावई धान्याच्या आडतीवर कामाला होता. सणावाराला यायचा, खाली मान घालून जेवायचा, अक्काच्या पाया पडायचा. अक्का त्याच्याबद्दल बोलताना नेहमी "आमना पाव्हना" म्हणायची.

मी यावलला येऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी वंदना एकटीच बसमधून उतरून आली. एवढ्या उन्हात तिने डोक्यावरून पदर घट्ट लपेटला होता. अक्काने मला हाक मारली. मी गेले तर वंदनाच्या डाव्या कानामागे चांगलीच जखम होती आणि ब्लाउजची पाठ रक्ताने कडक झाली होती.

"जिन्यावरून पडले, सिस्टर," वंदना म्हणाली.

मी नर्स होते. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत, हे मला कळत होतं. अक्कालाही कळत असणार. मी अक्काकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येकीला तीन प्रश्न विचारणारी ती बाई त्या दिवशी एकही प्रश्न न विचारता ब्लाउज आणि साडी घेऊन मोरीवर गेली.

मी तिच्या मागे गेले. म्हटलं, "अक्का, तिला दवाखान्यात घेऊन जाऊ. डॉक्टर बघतील, कागदावर नोंद होईल."

"नोंद व्हई ते गावले समजी," ती बादलीतून मान वर न करता म्हणाली. "तुच पट्टी करी दे. मी तुन्ह्या पाया पडस."

मी पट्टी केली. घरीच, अक्काच्या स्वयंपाकघरात. पाचव्या दिवशी वंदना परत गेली तेव्हा तीच साडी नेसली होती. अक्काने ती स्टार्च घालून इस्त्री केली होती. अगदी नवीकोरी दिसत होती.

त्यानंतर वंदना अशी आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा अक्काने कपडे धुतले, मी पट्टी केली आणि आम्ही तिला बसमध्ये बसवून दिलं. "निवी जाई तो," अक्का म्हणायची. "संसार म्हटलं की व्हस." हे ती माझ्याकडे बघून कधीच बोलली नाही.

मग माझी धुळ्याला बदली झाली. एका सकाळी अक्काचा फोन आला. तिला धड बोलताही येत नव्हतं. वंदनाला शेजाऱ्यांनी उचलून धुळ्याच्या एका दवाखान्यात आणलं होतं. मी धावत गेले. नवऱ्याने लोखंडी पाट फेकून मारला होता. जीव वाचला, डावा डोळा गेला.

या वेळी वंदना जिन्याचं बोलली नाही. शुद्धीवर आल्यावर तिने पोलिसांना पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. पण सासरचे म्हणाले, मोरीत पाय घसरून पाटावर पडली, आमचा मुलगा तसा नाही, आजवर कधी तक्रार झाली का? शेजाऱ्यांनी वंदनाला उचलून आणलं होतं खरं, पण मारताना पाहिलं, असं बोलायला त्यांच्यातला कोणी उभा राहिला नाही. केस दोन वर्षं चालली. आधीच्या मारहाणीबद्दल अक्काची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात बसले होते.

समोरचा वकील आवाज चढवणारा नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, "तुमची मुलगी रक्ताने माखलेल्या कपड्यांत घरी आली, असं तुम्ही म्हणता. तेही तीनदा. दवाखान्याचा एखादा कागद?"

"नही."

"मग ते कपडे तरी असतील?"

"कपडा शेतस. पन धुई टाकात."

"धुतले तरी रक्ताचे डाग थोडेफार राहतातच ना, बाई?"

अक्का कठड्याला धरून उभी होती. तिला खोटं बोलता आलं असतं, किंवा गप्प राहता आलं असतं. ती म्हणाली, "नही साहेब. मी धुतं म्हंजे डाग ऱ्हास नही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वंदना समोर बघत होती. माझीही साक्ष झाली. मला विचारलं, नर्स असून तुम्ही नोंद का केली नाहीत? मी म्हणाले, तिच्या आईने नको म्हटलं होतं. ते खरंच होतं. पण ते म्हणताना मला माझ्याच आवाजाची किळस आली. वंदनाचा नवरा संशयाचा फायदा मिळून सुटला.

वंदना यावलला आईकडे राहायला आली, शिलाई मशीन घेतली आणि एका डोळ्याने ब्लाउज शिवू लागली. दोघी एका ताटात जेवत, भांडत कधीच नव्हत्या. मी एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेले होते. सकाळी अक्का बादली घेऊन निघाली आणि सवयीने तिने खुंटीवरची वंदनाची साडीही उचलली. वंदना मशीनवरून उठली आणि हळूच तिच्या हातातून साडी काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे माय. तू भलतंच चोख्खं धुस."

तिचा आवाज चढला नव्हता. अक्का रिकामी बादली धरून तशीच उभी राहिली. मग मोरीवर जाऊन तिने आपलं एकटीचं लुगडं धुतलं. त्या सुमारालाच तिने गल्लीतल्या बायकांनाही नाही म्हणायला सुरुवात केली होती. कोणी कापड घेऊन आली की दारातूनच म्हणायची, "आते माले जमत नही." बायकांना वाटलं, वय झालं. हळूहळू घरोघरी धुण्याच्या मशिनी आल्या आणि तिच्याकडे येणं आपोआपच बंद झालं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. वंदनाने तिचं सगळं केलं, न कुरकुरता, एखाद्या लेकराचं करावं तसं. मी दोनदा जाऊन आले. अक्का वंदना खोलीत फिरेल तिकडे डोळे फिरवत राहायची. काहीतरी बोलायचं आहे असं वाटायचं, पण वंदना जवळ आली की पाणी मागायची.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसलो होतो. वंदनाने चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "सिस्टर, माय शेवटपर्यंत माफी मागायला घाबरली. मी नाही म्हणेन असं तिला वाटायचं."

"तू काय म्हटलं असतंस?"

तिने गॅस बारीक केला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. पण तिने विचारायला पाहिजे होतं."

तिने चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. ज्याने वंदनाची माफी मागायला हवी होती असं त्या खोलीत आता एकच माणूस उरलं होतं. मी कप उचलला, आणि चहा चांगला झालाय म्हणाले.