तापलेल्या जमिनीखालची नळी

त्या मॅनेजरची आठवण निघाली की आजही माझा हात आपोआप काही तरी फेकायला शोधतो. माणूस म्हातारा झाला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

महायुद्धाचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि मॅनेजर नागपूरकडून आलेला. खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी इंजिन चालवायचो. एकच सिलिंडर असलेलं, पण माणसापेक्षा उंच चाकाचं ते विलायती तेल-इंजिन होतं. त्याच्या पट्ट्यावर आतल्या दालनातले सगळे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, फिरायचे. रेच्यांवर बाया बसायच्या. कापूस घालायच्या, सरकी खाली पडायची, रुई पुढे जायची. माझी वहिनी त्यांच्यातच होती. भाऊ वारल्यावर तिनं पदर खोचला आणि जिनात आली. घरात तिचा शब्द शेवटचा असायचा, आणि रेच्यांच्या रांगेतही हळूहळू तसंच झालं होतं.

इंजिनाचा धूर बाहेर नेणारी लोखंडी नळी जमिनीतल्या चरातून जायची. चर रेच्यांच्या दालनाच्या मागच्या भिंतीलगत होता, वर लाकडी फळ्या टाकलेल्या. पलीकडे जाऊन ती नळी उभ्या धुराड्याला मिळायची. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी बाजूलाच होती आणि ती गळायची. पाणी थेंबथेंब चरात. दिवसभर तापायचं, रात्री ओलं राहायचं, आतून काजळी, बाहेरून पाणी. कुठलं लोखंड टिकेल?

हंगाम सुरू व्हायच्या आधी मी फळ्या काढल्या आणि वळणावरच्या जोडाला सहज हातोडीनं ठोकून बघितलं. हातोडी आत गेली. लोखंड नव्हतंच ते, गंजाचे पापुद्रे एकमेकांना धरून बसले होते. मी मॅनेजरला बोलावून आणलं. तो काठावर वाकला, रुमालानं नाक धरलं आणि म्हणाला, "चालेल हा हंगाम."

"साहेब, चालनार नाई. धूर आत येईन. तिथं बाया बसतात."

"लढाई चालू आहे, माहीत आहे ना? लोखंड कुठून आणू? डब्याचा पत्रा गुंडाळ, तारेनं आवळ, वरून माती लाव. हंगाम संपला की बघू."

मी पत्रा गुंडाळला. माती लिंपली. आणि त्याला पुन्हा सांगितलं, की हे माती लिंपून भागायला गळकं छप्पर नाही, ही नळी तापते, माती तडकणार. त्यानं ऐकून घेतलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो: त्यानं नीट ऐकून घेतलं होतं.

थंडी पडली. सकाळी वारा नको म्हणून दालनाची दारं लोटून घ्यायचे. ज्या बायांची लेकरं अंगावर पिती होती, त्या लेकरांना सोबत आणायच्या. दालनात सगळ्यात उबदार जागा कुठली? मागच्या भिंतीलगतच्या फळ्या. खालून नळी तापलेली, वर फळ्या कोमट. बाया तिथं गोधडी टाकायच्या आणि लेकरं निजवायच्या. त्या लेकरांना तिथं इतकी गाढ झोप लागायची की बायांना वाटायचं, बरं झालं बाई, जागा चांगली सापडली.

धूर दिसत नव्हता. काजळी मातीत अडकायची, पण धुरातलं विष वर यायचंच. वहिनी घरी आली की डोकं धरून बसायची.

"भाऊजी, मांगच्या रांगेतल्या साऱ्याइचंच डोकं दुखून राह्यलं. एक तं काल ओकली. काऊन व्हत असंन?"

मी तिला नळीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅनेजरकडे गेलो. त्यानं दोन्ही दारं उघडी ठेवायला सांगितली. दुपारी रुई उडते म्हणून त्यानंच ती परत लावायला लावली.

मग ती सकाळ आली. रेच्यांच्या आवाजातूनही मला किंकाळी ऐकू आली. मी पळत आत गेलो. मागच्या रांगेतली एक तरणी बाई फळ्यांपाशी गुडघ्यावर होती आणि तिच्या हातात तिची मुलगी ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मान एकीकडे, हात एकीकडे. गाल मात्र लालबुंद, जशी काही आत्ताच हसून थांबली आहे. वहिनीनं ते लेकरू हिसकून घेतलं आणि अंगणात पळाली. मी इंजिनाचं तेल तोडलं. चाक थांबायला वेळ लागतो. ते फिरत राहिलं आणि मी मॅनेजरच्या बंगल्याकडे धावलो.

बंगला आवारातच होता, पण तिकडे आमचं कधी जाणं नव्हतं. तो ओसरीवर चहा घेत होता. ओसरीपुढे जाईचा मांडव होता, आणि मी धापा टाकत बोलत असताना माझी नजर त्या मांडवाच्या खांबांवर गेली. चारही खांब लोखंडी नळीचे. जाड, नवे, आमच्याच मापाचे. मागच्या वर्षी जिनाच्या गुदामात त्या नळ्या मी स्वतः लावून ठेवल्या होत्या; हंगामाआधी त्या तिथं दिसल्या नाहीत तेव्हा विकल्या असतील असं मी समजलो होतो. त्यांच्यावर जाई चढली होती, फुलली होती.

मी त्याला उठवून दालनाकडे घेऊन निघालो. तिथं अजून थांबलो असतो तर मारलंच असतं.

आम्ही परत आलो तेव्हा वहिनी मोकळ्या हवेत त्या मुलीचे तळपाय चोळत होती. किती वेळ गेला देव जाणे. मग मुलीनं एकदा आचका दिला, ओकली, आणि बारीक आवाजात रडायला लागली. तिची आई शेजारी बसून पदरानं तिचं तोंड पुसायला लागली. सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या.

मॅनेजर त्या आईसमोर उभा राहिला. "अफू किती घातली होतीस?"

जिनातल्या काही बाया लेकरं निजावीत म्हणून अफूची कणी चाटवायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं बरोबर तीच गोष्ट उचलली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"मी अफू नाई देली, साहेब. माह्या लेकराची आन. कधीच नाई देली."

"मग काय मुलगी आपोआप झोपली? उद्यापासून येऊ नकोस. असल्या बाया मला नकोत."

तेव्हा वहिनी उठली. ती ओरडली नाही. लेकरू आईच्या ओटीत दिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, मांग चला."

तो का गेला कोण जाणे. कदाचित एवढ्या बाया बघत होत्या म्हणून. दालनात मागच्या भिंतीपाशी गोधडी तशीच पसरलेली होती. वहिनीनं ती हातानं झटकली.

"बसा इथं. भाऊजी इंजिन चालू करतात, आमी दारं लावतो. दुपारपावतर बसा. तुमाले काई नाई झालं तं आमी म्हनू, अफूच होती."

"मला कामं आहेत."

"कामं आमालेबी हायेत. बसा नं. ऊब लागते."

तो बसला नाही. नुसता बसला नाही असं नाही, तो फळ्यांवरून पाय काढून मागे सरकला. एक पाऊल. सगळ्यांनी ते पाहिलं. त्या एका पावलात सगळं होतं: याला ठाऊक होतं. न जाणणाऱ्या माणसाला एक वेळ माफ करता येतं. हा जाणून-बुजून रोज सकाळी चहा पीत होता.

बाया दालनातून निघाल्या आणि फाटकाबाहेर जाऊन बसल्या. मॅनेजरनं मला इंजिन सुरू करायला सांगितलं. मी म्हणालो, नळी बदलल्याशिवाय हात लावणार नाही. "तुझ्यासारखे छप्पन मिळतील," म्हणाला, आणि शेगावहून एक इंजिनवाला बोलावला. तो वयस्क माणूस आला. मी काही न सांगता फळी उचलून दाखवली. त्यानं खाली पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, आणि पिशवी खांद्याला लावून जलंबच्या आगगाडीनं परत गेला.

तोवर कापसाच्या गाड्या फाटकापासून सडकेपर्यंत लागल्या होत्या. गाडीवान आधी बायांवर खेकसले. बैल उपाशी, माणसं थंडीत कुडकुडत. मग वहिनीनं ती मुलगी आणि तिची आई त्यांच्यासमोर आणून बसवली, आणि खेकसणं आवाराच्या आतल्या दिशेला वळलं. तेव्हा कुठे जिनाचा मालक, शेठ, आला. गाड्यांसाठी आला, हे मी विसरलेलो नाही. लेकरासाठी कोणी आलं नव्हतं.

शेठनं विचारलं, "नळी कुठं मिळेल?"

मी जाईच्या मांडवाकडे बोट केलं.

मॅनेजरच्या देखत मी वेल कापला. कुदळीनं खांब उपटले. एवढं सुख मला त्या सगळ्या प्रकरणात मिळालं, आणि ते मी पोटभर घेतलं. मग चरात उतरलो. गंजलेले बोल्ट फिरेनात; रॉकेल ओतलं, वाट पाहिली, तरी पाना घसरायचा आणि बोटांची सालं निघायची. शेवटी छिन्नी लावून एकेक डोकं तोडलं. प्रत्येक घावाला मनातल्या मनात शिवी होती. वळणाचा तुकडा हातात आला तो चाळणी झालेला. उजेडाकडे धरला तर पलीकडचं आकाश दिसत होतं. लोहारानं नव्या नळीला कडा बसवून दिल्या. चर मी दालनाखालून नेलाच नाही, भिंतीबाहेरून नवा खणला. टाकीची गळतीही बंद केली. इंजिन सुरू केलं तेव्हा धुराड्यातून सरळ काळा लोट निघाला आणि दालनात नुसती रुई उडत होती.

बाया कामावर परतल्या. चुली होत्या प्रत्येकीच्या. वहिनीनं शेठला विचारलं, "आन् त्या लेकराच्या मायचं काय?"

"नळी मिळाली ना? आता तो विषय वाढवू नका. मॅनेजरचा शब्द खाली पाडता येत नाही मला."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. रेच्यावर जाऊन बसली, पण त्या शेठला नंतर तिनं कधी हात जोडले नाहीत. हंगाम संपताच मी ते जिन सोडलं. मॅनेजर तिथंच राहिला. दुसरा मांडव घातला म्हणे, बांबूचा.

ती आई उंद्रीला भावाकडे गेली आणि मळ्यात भाजी लावायला लागली. पुढे एकदा खामगावच्या बाजारात ती मला दिसली. मेथीच्या जुड्या लावून बसली होती आणि मुलगी शेजारी वाटाण्याच्या शेंगा सोलून खात होती. मी खाली बसून मुलीशी बोलत होतो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई जुडी निवडता निवडता थांबली.

"तू जिनातली नं? हीच का ते पोरगी, जिले अफू जास्त झालती?"

मला पुढचं धड आठवत नाही. मी उठून त्या बाईवर इतका ओरडलो की आजूबाजूचे भाजीवाले उभे राहिले. नळी, गंज, मॅनेजर, शेठ, सगळं त्या अनोळखी बाईच्या तोंडावर फेकलं. ती जुडी टाकून निघून गेली.

मुलगी आईच्या मागे लपून हुंदके देत होती. आईनं मेथीच्या जुड्या सारख्या केल्या, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊ, असं नका ओरडू. लेकरू भेलं माहं."