मुद्दाम हरलेला डाव

माझी सुमनआत्या पोकर खेळून घर चालवायची.

हो, पोकर. तेही पन्नासच्या दशकात, अंबरनाथच्या ऑफिसर्स कॉलनीत, भर दुपारी.

आज सकाळी आत्या गेली. बदलापूरला, स्वतःच्या घरात. नव्वदी ओलांडली होती.

ग्रुपवर सगळे ‘आदर्श शिक्षिका’ लिहितायत. खरंच आहे ते. पण त्याआधीचं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय.

लग्नानंतर दोनच वर्षांत आत्याचा नवरा गेला. ती भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे आली. बाबा कारखान्यात ज्युनियर ऑफिसर. खाणारी तोंडं बरीच, पगार एक. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

कॉलनीत दुपारी बायकांचा पत्त्यांचा अड्डा जमायचा. बाबांच्या साहेबांची बायको, मिसेस सरदेसाई, कुठल्याशा मडमेकडून पोकर शिकलेली. रमीचा कंटाळा आला तसा तिने सगळ्यांना तो शिकवला. एक भिडू कमी पडला म्हणून आत्याला बोलावलं.

थोड्याच दिवसांत आत्या हरेनाशी झाली.

“पत्ते कोण बघतंय गं,” ती मला सांगायची. “मी माणसं बघायचे. सरदेसाईबाईंच्या हातात काही नसलं की त्या आग्रह करायच्या. चिवडा घ्या ना, अजून घ्या ना.”

दूध, किराणा, मोठ्या भावंडांची फी, सगळं आत्याकडून. बाबांना माहीत होतं. ते काही विचारायचे नाहीत.

मग सरदेसाईसाहेबांकडे बाबांचं प्रमोशन अडलं.

एका सकाळी दाढी करता करता, आरशात बघतच बाबा म्हणाले, “सुमे, आज जरा हर.”

“म्हणजे?”

“सरदेसाईबाईंशी. मोठा डाव. त्यांना कळता कामा नये.”

“दादा, खेळू नको म्हण. आत्ता बंद करते.”

बाबांनी वस्तरा धुतला. “बंद नको करू गं. फक्त हर.”

दुपारपर्यंत आत्या एका जागी बसली नाही. घासलेली भांडी परत घासली. अंगणापर्यंत जायची, परत यायची.

आणि त्याच दुपारी हातात तीन राण्या आल्या, सहसा न हरणारा हात.

मध्ये बराच पैसा साठला होता. सरदेसाईबाईंनी अजून वाढवला आणि म्हणाल्या, “सुमनताई, चिवडा घ्या ना.”

आत्याने पत्ते पालथे टाकले. “तुम्ही जिंकलात.”

बाबांना प्रमोशन मिळालं. पेढे आले. आत्याने पेढा खाल्ला आणि ट्रंक भरायला घेतली.

ती उल्हासनगरला गेली, कॅम्प चारला, जमनाकडे. जमना कॉलनीत पापड विकायला यायची. फाळणीत सगळं सोडून आलेली. तिच्या बराकीतल्या खोलीतही बायकांचा डाव बसायचा.

आत्याला ती ‘अदी’ म्हणायची, सिंधीत बहीण. “अदी, इधर ही रह. तू खेल, जगह मेरी. आधा तेरा, आधा मेरा. इधर कोई साहब-वाहब नहीं.”

आत्याला भागीदार म्हणून विचारणारी ती पहिलीच. आत्या राहिली. खेळली. जिंकलीही.

पण हरली की डोकं फिरायचं.

“खरंच हरले, की हात आपोआप डाव सोडून देतोय? कळेचना गं. जेवताना, नळावर, सारखा तोच डाव मनात उलटून बघायचे.”

जमनाला सांगितलं तर ती हसली. “एक बार हारी तो क्या हुआ? हम तो पूरा सिंध हार के आए.”

“तुमसे छीन लिया,” आत्या म्हणाली. “मैंने खुद दिया.”

जमनाने पत्ते गोळा करून ठेवले.

आत्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास होती. बदलापूरजवळ चामटोलीच्या शाळेत मास्तरीण हवी होती. दोनदा निघाली, दोनदा अर्ध्या वाटेतून परत येऊन डावात बसली. सोडवत नव्हतं आणि खेळवतही नव्हतं.

शेवटी जमनानेच तिची ट्रंक उचलली. “जा. तेरा मन इधर नहीं, उधर भी नहीं. उधर कम से कम पगार तो है.”

आत्या गेली. रिटायर होईपर्यंत शिकवलं. बाबा दर भाऊबीजेला तिच्याकडे जायचे. त्या दुपारबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत.

गेल्या दिवाळीत मी विचारलं, “आत्या, पत्ते सोडल्याचं वाईट वाटतं?”

वाटलं, हसेल. टाळेल.

“रोज,” ती म्हणाली.

मी फराळाची ताटली खाली ठेवली.

“मुलं खूप आवडली गं मला. शाळा चांगली होती. पण तू विचारलंस म्हणून सांगते. रोज.”

सुमनआत्या, तुला शेवटचा नमस्कार.

संध्याकाळी घरून नेणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी या. तिचे विद्यार्थी खांदा देणार आहेत.

मीही देणार आहे.