महालक्ष्म्यांच्या पानातली लवकी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आमच्या घरी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण होतं, आणि त्या दिवसांत आमच्या घरात लवकी सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. लवकी म्हणजे दुधी भोपळा.

आईनं न्हाणीघरावर वेल चढवला होता. पावसाळ्यात तो असा काही माजला, की खालचा पत्रा दिसेनासा झाला. भाजी झाली, कोफ्ते झाले, थालीपिठं झाली, सालांची चटणी झाली... लवकी संपेना. शेजारच्या काकू तर आईला पिशवी घेऊन येताना पाहिलं की आतूनच ओरडायच्या, "लवकी असंन तं आम्ही घरी नाही वं!"

त्यामुळे महालक्ष्म्या आल्या तेव्हा आईला कोण आनंद. देवीच्या पानात सोळा भाज्या लागतात. घरच्या लवक्या सत्कारणी लागल्या... चण्याची डाळ घालून मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून भाजी शिजली.

आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखत नाही. मीठ, तिखट, सगळं अंदाजानं. आणि एकदा प्रसाद म्हणून पानात पडलं, की ते टाकायचं नाही.

ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. भाऊजी सावनेरचे, स्वभावानं अतिशय लाजाळू. जावई म्हणून त्यांच्या पहिल्याच महालक्ष्म्या, त्यामुळे पुरुषांच्या पंगतीत त्यांचं पान मधोमध. मी तेव्हा कॉलेजात होतो, वाढायला होतो. आई भाजीचा डाव घेऊन त्यांच्यासमोरच उभी होती.

"घ्या न जी, जवाईबापू. घरच्या वेलाची आहे."

भाऊजींनी घेतली. संपवली. आईनं पुन्हा वाढली... त्यांनी पुन्हा संपवली. आई खूष झाली. "पाहा, कसे आवडीनं खाऊन राहिले!"

पंगत उठली आणि थोड्याच वेळात भाऊजी मोरीकडे धावले. पुरणावर तूप जास्त झालं असेल, असं आम्हाला वाटलं. पण उलट्या थांबेनात. मग उलटीत रक्त दिसलं.

बाबांनी आणि मी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांचे हात बर्फासारखे गार पडले होते.

सलाईन लागलं. डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं आणि लवकीवर थांबले.

"कडू नाही लागली का तुमाले?"

"लागली," भाऊजी पुटपुटले.

"मंग खाल्ली काहून? चांगल्या वेलालेही एखादी कडू निघते, अन् कडू लवकी म्हणजे जहर आहे जहर!"

"सासूबाई समोरच उभ्या होत्या... अन् देवीचा प्रसाद..."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र एकदम आठवलं, बायकांची पंगत अजून बसायची होती! तसाच घराकडे पळत सुटलो.

सुदैवानं कोणाच्या घशाखाली घास उतरलेला नव्हता. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आईनं गंजातली एक फोड उचलून जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. मग ती पुरुषांच्या पंगतीची पानं पाहायला गेली. तिथली पानं अजून उचललेली नव्हती.

एकेका पानावरचा भात बाजूला सारला... खाली लवकी. द्रोणाखाली लवकी. कढीत बुडवलेली लवकी. पहिल्याच घासाला सगळ्यांना कळलं होतं! स्वच्छ पान एकच होतं, भाऊजींचं.

"सांगितलं काहून नाही?" आई ओरडलीच.

माझे मोठे काका मान खाली घालून म्हणाले, "महालक्ष्मीच्या जेवणाले नाव कसं ठेवाव वं?"

एक माणूस मरता मरता राहिला होता, आणि सगळी पंगत सभ्यपणानं गप्प होती. आज इतक्या वर्षांनीही ती पानं आठवली की माझ्या अंगावर काटा येतो.

दोन-तीन दिवसांनी भाऊजी दवाखान्यातून घरी आले. आईनं त्यांना मऊ वरण-भात वाढला आणि दूर जाऊन उभी राहिली. आग्रह नाही, काही नाही. भाऊजींनी एक घास घेतला, थांबले, ताईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले,

"वरणात मीठ कमी आहे थोडं."

नव्या जावयानं सासूच्या हातच्या जेवणात खोट काढली होती, तीही तोंडावर! बाबांचा हात घास घेता घेता थांबला.

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिठाची बरणी आणून तिनं त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "असंच सांगत जा बाप्पा... असंच सांगत जा."

भाऊजी आमच्या घरचे झाले ते त्या दिवशी. लग्नात फक्त अक्षता पडल्या होत्या.