बारवेच्या पाण्यात धरलेला देव

आमच्या शेजारच्या सिद्धम्मा या लिंगायत समाजातील विधवा बाई होत्या; गाव त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणे. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. आमचे गाव शिरूर अनंतपाळच्या जवळ आहे. सिद्धम्मा धीट नव्हत्या. वीज चमकली तरी त्या भिंतीवर थाप मारून मला हाक देत. तरीही त्यांच्या हातून जे घडले ते मी शेजारी बसून पाहिले आहे, म्हणून ते लिहीत आहे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातील ही हकिकत आहे. पिण्याचे पाणी आम्ही नदीच्या वाळूत झिरे उकरून आणत होतो. महादेवाच्या देवळापुढील पायऱ्यांच्या बारवेत मात्र तळाला थोडे हिरवट पाणी उरले होते. त्यावर गावची जनावरे, माकडे आणि पाखरे जगत होती. त्यात मासेही होते. सिद्धम्मा रोज पूजेनंतर त्यांना ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या टाकीत. घरात भाकर कमी पडू लागली तेव्हा गोळ्या लहान झाल्या, परंतु बंद झाल्या नाहीत.

मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. तेव्हा देवळाचे मानकरी गुरुपादप्पा यांनी गाव जमवले. ते किराणा दुकानदार होते आणि त्यांचा शब्द गावात चालत असे. पाऊस रुसला की गाभाऱ्याचा उंबरा मातीने लिंपायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. देव गुदमरला की पाऊस पाडतो, अशी लोकांची श्रद्धा आहे.

गावातले एक शेतकरी ग्यानोबा म्हणाले, "जिल्हा बदलला, देवाला आपला पत्ता घावना झालाय. बुडवा म्हंजी जागा व्हईल."

कोणालाही हसू आले नाही. पाणी बारवेतून काढायचे ठरले. तेव्हा सिद्धम्मा बायकांमधून उभ्या राहिल्या.

"बारव उपसली तर ढोरं काय पितील?"

"पाऊस आला की पितील," गुरुपादप्पा म्हणाले.

"आन न्हाई आला तर?"

"अव्वा, तुम्ही आडव्या आलात म्हणून पाऊस हुकला, तर मेलेलं ढोर तुमच्या दारात आणून टाकतील लोक. मला इचारू नका मग."

घरी परतताना सिद्धम्मांनी माझा दंड धरला. "तुळजा, देवाच्या आड आले का गं मी?" त्यांनी मला विचारले. "त्यांचंच खरं असलं तर?" मीही भ्यालेच होते. पाणी उपसले तर जनावरे मरणार, आणि न उपसता पाऊस आला नाही तर त्याचा दोष सिद्धम्मांवर येणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

सोमवारी सकाळी माणसे घागरी आणि दोर घेऊन आली. सिद्धम्मा त्याआधीच मला सोबत घेऊन बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. लिंगायत माणूस गळ्यात लहानसे इष्टलिंग, म्हणजे महादेवच, बाळगतो आणि ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. पूजा चालू असताना त्याला कोणी उठवीत नाही. दुसऱ्याच्या लिंगाला कोणी हात लावीत नाही. ते हरवणे म्हणजे जीव जाण्यासारखेच, असे सिद्धम्मा मानीत. त्यांनी लिंग तळहातावर घेतले आणि तो हात पाण्याखाली नेला.

"देव बुडाला," त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक होता. "आता पाणी कशाला काढता?"

"एक घडी बुडवून भागत न्हाई, अव्वा," गुरुपादप्पा वरून म्हणाले. "पाऊस येईस्तोवर बुडवावा लागतो."

"मग रोज येते."

"रोज? तुमच्यानं मांजर हाकलणं होत न्हाई."

तेवढ्यात मासे आले. त्या हाताला रोज पीठ असते हे त्यांना ठाऊक होते. ते तळहाताला टोचू लागले. सिद्धम्मांचे सर्वांग शहारले आणि लिंग घसरून बोटांच्या टोकाशी गेले. खाली गाळ होता. मी त्यांना कमरेला घट्ट धरले. गुरुपादप्पा धावत उतरले, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते हात लावू शकत नव्हते. सिद्धम्मांनी अगदी सावकाश बोटे मिटली.

"वर घ्या हात, अव्वा," गुरुपादप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पाणी काढणार न्हाई म्हणा."

गुरुपादप्पांनी ग्यानोबांना घागरी परत न्यायला सांगितले.

पाऊस लगेच आला नाही. सिद्धम्मा रोज हात बुडवीत आणि रोज भीत. संध्याकाळी गोठ्यात गाय हंबरली तरी त्या दचकून दार लावून घेत. अखेर पाऊस आला तेव्हा बारवेत वीतभर खोलीचे पाणी आणि त्यात मासे शिल्लक होते. "तुमच्यामुळं आला," असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी नुसती भेले होते."

पुढे अनेक वर्षांनी सिद्धम्मा वारल्या. त्यांना रीतीप्रमाणे समाधीच्या खड्ड्यात बसवले आणि जंगमांनी, म्हणजे लिंगायत पुरोहितांनी, लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. गुरुपादप्पा तोवर काठी टेकत चालू लागले होते. ते खड्ड्याच्या काठावरून वाकून जंगमांना हळूच म्हणाले, "अव्वांची मूठ घट्ट मिटा, स्वामी. मासे लई द्वाड हायेत."