गाड्या थांबतात तो देश

जगात राहायला सर्वांत उत्तम देश कोणता, या प्रश्नाचं निर्णायक उत्तर गेली काही वर्षं सदाशिव पेठेत, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. ते विचारायला लोक जिना चढून येत आणि ऐकल्यावर जरा नाराज होऊन उतरत. माझ्या समोरच्या ब्लॉकमधल्या सुमनताई गेल्या, त्याला आता महिना होऊन गेला. दुपारच्या चहाला त्यांनी दार उघडलं नाही, म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं मी ते उघडलं... त्या खुर्चीतच होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. मग तीन देशांत फोन करायचे होते. आपल्याकडे दुपारचे चार म्हणजे कुठे किती, हा हिशोब मला कधी जमला नाही. तो त्या करत असत. त्यांनाच विचारावं, असं क्षणभर खरंच मनात आलं.

सुमनताई मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि टेलिफोन खात्यात लागल्या. उमेदीची वर्षं त्यांनी इतरांचे परदेशचे कॉल जोडून देण्यात घालवली. पुढे स्वतःची तिन्ही मुलं त्या कॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. थोरला अमेरिकेत, धाकटा ऑस्ट्रेलियात आणि मधली रोहिणी जर्मनीत. यजमान त्याआधीच गेलेले. सुना-लेकीची बाळंतपणं आली, तशा सुमनताई डिंक, अळीव आणि मेथ्या बांधून एकेका विकसित राष्ट्राकडे रवाना झाल्या. राष्ट्रांची तुलना शहाणी माणसं दरडोई उत्पन्नावरून करतात. सुमनताईंची कसोटी वेगळी होती. म्हाताऱ्या बाईला एकटीनं घराबाहेर पडून, कोथिंबिरीची जुडी घेऊन, कुणाला न विचारता परत येता येतं का, एवढंच त्या पाहत.

अमेरिका या परीक्षेत पहिल्याच आठवड्यात नापास झाली. थोरल्याचं घर प्रशस्त होतं. इतकं, की आतली माणसं एकमेकांना फोन करून जेवायला बोलावत. ऊन चढलेलं म्हणून सुमनताई छत्री उघडून दुकान शोधायला निघाल्या, तर फुटपाथ नावाची गोष्टच नाही. दोन वळणं गेल्यावर एक भली बाई गाडी थांबवून विचारू लागली, तुम्ही हरवला आहात का? "चालणं हे तिकडं दुखणं समजतात," असं त्या परत आल्यावर म्हणाल्या. त्या दिवसानंतर मुलानं त्यांच्या फोनमध्ये, आई कुठे आहे हे दाखवणारी सोय करून ठेवली. आई पुढचे पाच महिने घरातच असल्याचं ती सोय इमानेइतबारे दाखवत राहिली.

ऑस्ट्रेलियाला त्या उत्तीर्ण म्हणत, पण जेमतेम. माणसं हसतमुख, ऊन छान, बागा सुंदर. फक्त घरट्याच्या दिवसांत तिथले काही पक्षी रस्त्यानं जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारायला येत, तेव्हा तीच काळी छत्री डोक्यावर धरून नातवाला बागेत न्यावं लागे. आणि कोथिंबीर मिळे, पण गाडीनं गेलं तर.

जर्मनीला जाताना मात्र त्यांच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. भाषा येत नाही, थंडी फार, लोक शिष्ट, असं ऐकून होत्या. रोहिणीच्या गावात पहिल्याच सकाळी त्या भाजी आणायला निघाल्या. रस्त्यापाशी आल्यावर पुण्याच्या सवयीनं त्यांनी मिटलेली छत्री तलवारीसारखी उगारली आणि पाऊल टाकलं. गाडीवाला आधीच थांबला होता. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तो बिचारा आणखी दोन हात मागे गेला. हा प्रसंग त्यांनी मला अनेकदा सांगितला आणि दर वेळी सांगताना त्यांची भाषा पुणं सोडून नागपूरला जायची. "काय सांगू भाऊ, तो माझ्यासाठी थांबून राहिला होता जी! मी त्याची कोण? ना नात्याची, ना ओळखीची..." एवढं बोलून त्या चष्मा पुसायला घ्यायच्या. मीही चहात लक्ष घालायचो. पुढे त्या बसनं एकट्या फिरू लागल्या. तिथली बस म्हातारं माणूस दिसलं की दाराशी खाली झुकते, हे त्या अशा थाटात सांगत, की जणू ती नमस्कारालाच वाकते. तिथेही खोड काढायला जागा होतीच. रविवारी मिक्सर लावला तर शेजारी दार वाजवून शांततेची आठवण करून देत. "मग? चटणी शनिवारी वाटायची. त्यात काय एवढं?" असं म्हणून त्यांनी तो विषय निकालात काढला होता.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं एकदा त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता 'परदेश आणि आपण'. अशा व्याख्यानाचा शेवट काय असतो, हे श्रोत्यांना पाठ असतं. बटाटेवड्याआधी तो ऐकायचा एवढंच काम असतं. अध्यक्षांनी समारोपाचं भाषणही त्याच बेतानं लिहून आणलं होतं. सुमनताईंनी तिन्ही देशांचं सांगून झाल्यावर, "मला विचाराल तर मी जर्मनीत राहीन," असं म्हटलं आणि त्या खाली बसल्या. सभागृह अस्वस्थ झालं. अध्यक्षांनी सावरायला घेतलं.

"पण ताई, तिथे आपुलकी नाही ना?"

"आपुलकीचं मला ठाऊक नाही. बस थांबते."

"अहो, पण शेवटी आपलं पुणं ते पुणं!"

"ते आहेच. तुम्ही इथे आलात कसे?"

"मुलानं गाडीनं सोडलं."

"मी चालत आले," सुमनताई म्हणाल्या. शाल आणि श्रीफळ त्यांना त्यानंतर जरा घाईघाईनंच देण्यात आलं.

त्या हे चेष्टेत म्हणत नव्हत्या. त्यांना खरोखरच जाऊन राहायचं होतं. पण लग्नाच्या बाजारात जे चालतं तेच इथेही झालं. अमेरिकेकडून होकार होता, पण हे स्थळ मुलीला नापसंत. ऑस्ट्रेलियानं आईवडिलांच्या रांगेत नाव घालायला सांगितलं; सुमनताईंचं वय आणि त्या रांगेची लांबी शेजारी शेजारी ठेवली, तर हसूच येई. आणि जे स्थळ मनापासून पसंत, तिथे पत्रिका जुळेना. रोहिणीनं कचेऱ्यांमध्ये खेटे घातले, पण पंचाहत्तरी गाठलेल्या परदेशी बाईला आजारपणाचा विमा द्यायला कुणी तयार नव्हतं आणि विम्याशिवाय मुक्कामाची परवानगी नव्हती. शेवटच्या नकाराचा फोन आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. लेक पलीकडून रडत होती. सुमनताई तिला त्यांच्या खात्यातल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "अगं, लाइन नाही लागली, इतकंच." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खिडकीतून खालचा रस्ता बघत राहिल्या...

त्या रस्त्यानंच पुढे त्यांना घरात बसवलं. मंडईतून येताना उलट्या बाजूनं आलेल्या एका दुचाकीनं त्यांना पाडलं. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. भाजी मोबाइलवरून येऊ लागली आणि वांगी निवडण्याचा त्यांचा एकमेव शौक बंद पडला. "भाऊ, माझं पुणं आता या फुटपाथाएवढं," असं एकदा म्हणाल्या. फुटपाथवर पाणीपुरीची गाडी असल्यामुळे तेवढंही नव्हतं. मग मी दुपारी चारचा चहा झाला की त्यांच्याबरोबर निघू लागलो. मी त्यांना रस्ता ओलांडून देत असे, असं लोकांना वाटे. खरं तर उलट होतं. पुढे त्या, छत्री उगारून. मागे मी आणि माझ्यामागे क्लासला निघालेली दोन-चार मुलं. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आपण त्याला पाहिलंय हे एकदा त्याला कळलं, की तो थांबत नाही. पलीकडे पोहोचलो की त्या वळून छत्री खाली घेत आणि म्हणत, "आले बाई जर्मनीत."

रोहिणी दिवसकार्य उरकेपर्यंत राहिली. परत जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, आई जायची त्या वाटेनं मला मंडईत न्या. निघताना मी सुमनताईंच्या दारामागची छत्री घेतली. रस्त्यापाशी येऊन रोहिणी कडेला थांबली, तिकडच्या सवयीनं, गाड्या थांबायची वाट बघत. बऱ्याच गाड्या गेल्या.

"काका, आईला खरंच तिकडे यायचं होतं? की माझ्या समाधानासाठी म्हणायची?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं मनात आलं. पण ही सुमनताईंची मुलगी. तिच्याशी खोटं बोलून पचलं नसतं.

"यायचं होतं," मी म्हणालो. "बससाठी. तुझ्यासाठीही, पण बस आधी."

ती हसली आणि हसता हसता तिथेच, हॉर्नच्या गदारोळात, तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली. मी छत्री उगारली, समोर कुणाकडेही न बघता पाऊल टाकलं आणि म्हणालो, "चल." पलीकडे गेल्यावर मी वळलो, छत्री खाली घेतली. जर्मनीत आल्याचं ते वाक्य मात्र दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

छत्री रोहिणीनं माझ्याकडेच ठेवली; तिकडे तिचा उपयोग नाही म्हणाली. ती माझ्या दारामागे असते आणि चारला मी ती घेऊन निघतो. गेल्या आठवड्यात, बरोबर आम्ही ओलांडायचो त्याच जागी, कुणीतरी पांढरे पट्टे रंगवून गेलं आहे. पट्टे चांगले ठसठशीत आहेत. त्यांवर दुचाक्या लावलेल्या असतात.