गिरगावचं मत

आमच्या चंदनसारच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका मतदानाचा वेडा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका माझा जीव कुणी जाळलाही नाही. नगरपालिकेची निवडणूक आली की ते जिन्यात खुर्ची टाकून बसायचे. मत मागायला येणाऱ्याला आधी विचारायचे, "आपल्या मागचं गटार कुठे जाऊन मिळतं?" उत्तर आलं नाही की परत पाठवायचे. पुढेपुढे उमेदवारांची माणसं तळमजल्यावरूनच हात जोडून सटकायला लागली. आम्हा बायकांना शिकवायला त्यांनी बिस्किटांच्या डब्याची मतपेटी केली, कागदावर वांगं, भेंडी आणि दोडका काढला आणि शिक्का मारल्यावर घडी उभी घालायची, म्हणजे ओली शाई दुसऱ्या खुणेवर उमटत नाही, हे आमच्याकडून घोटून घेतलं. वांगं निवडून आलं. माझं मत बाद झालं म्हणून ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि एवढं करून यांचं स्वतःचं मत कुठे, तर गिरगावात. चाळीतली खोली सोडून किती वर्षं झाली, तरी नाव तिथेच. आमच्या बिल्डिंगीत निम्म्या लोकांचं हेच. राहायचं इथे, टँकरमागे हंडे घेऊन पळायचं इथे, आणि मत द्यायला मुंबईला. एका पुढाऱ्याकडे आम्ही नळाचं विचारायला गेलो, तर त्याचा माणूस तोंडावर हसला. "मावशी, तुमच्या बिल्डिंगीत मतं किती? बाकीचे सगळे पाहुणे." ते मला झोंबलं. मी तशीच वर गेले.

"भाऊजी, तुम्ही पाहुणे आहात का?"

"तसं नाही, वहिनी. पण तिथलं नाव कापलं की तिथे माझं काय राहिलं?"

"आत्ता तरी काय आहे तिथे? अंघोळ इथे करता ना?"

शेवटी कबूल झाले. शाळेत मतदारांची नावनोंदणी चालू होती. तिथल्या बाईंनी सांगितलं, जुन्या ठिकाणचं नाव कमी केल्याचा कागद आणा, आणि शनिवारच्या आत आणा. भाऊजी गिरगावला गेले आणि हात हलवत परत आले. दुसऱ्यांदा गेले, तेच. "सगळ्यांना भेटून निघेपर्यंत ऑफिस बंद झालं," म्हणे. नाव कापायला गेलेला माणूस घरोघरी चहा पीत बसला. कागद हातात पडला तो सोमवारी. त्यांना जिन्यात उभं करून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मतदानाच्या दिवशी त्यांचं नाव तिथे नव्हतं आणि इथेही नव्हतं. तरी इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून शाळेच्या फाटकाबाहेर उभे. कुणी कुठल्या खोलीत जायचं ते सांगत होते, म्हाताऱ्यांना हात धरून आणत होते. पोलिसाने हटकलं, "काका, तुमचं झालं ना? मग घरी जा." ते नुसते बाजूला सरकले. मला त्या पोलिसाचा राग आला, भाऊजींचा आला, त्या शनिवारचाही आला.

मी मत देऊन बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "बघू." मी बोट पुढे केलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"नीट लागलीय," म्हणाले. "सुकेपर्यंत पदराला लावू नका."