पेज फुंकायला शिकवणाऱ्या वत्सलाबाई

चिंगी निळी पडली होती आणि माझी थोरली जाऊ चुलीत विळा तापवत होती.

चिंगी माझी नात, दोन वर्षांची. सुनेने तिच्या हातातली काडेपेटी काढून घेतली, एवढंच निमित्त. पोरगी रडायला लागली, तोंड उघडंच राहिलं आणि आवाज बंद झाला. श्वास अडकला, ओठ काळेनिळे, अंग सैल. पोटावर डाग दिला की पोर परत येतं, असं आमच्याकडे मानत.

सुनेचं ओरडणं ऐकून वत्सलाबाई धावत आल्या. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे. आमच्या गावातल्या अंगणवाडीच्या त्या बाई. अंगाने जाड, आवाज घोगरा. त्यांनी पोरीला हलवू दिलं नाही, पाणी पाजू दिलं नाही. कुशीवर निजवलं आणि तिच्या छातीला कान लावला.

"चालतंय. हळू चालतंय, पण चालतंय. लांब व्हा."

चिंगीने श्वास ओढला. तोंडावर रंग आला. जाऊ मात्र लाल विळा घेऊन उभीच.

"एक डाग देते, परत नाय व्हायचं. माज्या पोटावर हायेत तीन. म्हणून जगली मी."

"काकी, तुमचा जीव चिवट. डाग देऊन पण जगल्या," बाई म्हणाल्या. "आन विळा लाल केलात, त्याचं पाणी गेलं. उद्या भात काय दातांनी कापणार?"

तापलेलं पातं मऊ पडतं, धार धरत नाही. ऐन कापणीचे दिवस. जावेने विळ्याकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि तो खाली ठेवला. पण म्हणाली, "परत पडली तर मी कोनाला इचारणार नाय."

बाई आम्हाला एसटीने मुरबाडला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, काळजात दोष नाही, रक्त कमी आहे. लोहाचं औषध दिलं. पोरीला काळी शी व्हायची, पण झटके कमी झाले. बंद झाले नाहीत. घरातली सगळी त्या एवढ्याशा पोरीला घाबरायची. तोंड वाकडं केलं की गूळ हातावर.

"रडू द्या तिला," बाई म्हणायच्या. "गूळ दिलात तर ती रोज पडंल."

अंगणवाडीत पोर चिडलं की बाई गप्प बस म्हणत नसत. त्याला मांडीवर घ्यायच्या, पाठ आपल्या छातीला टेकवून. मग ओंजळ पुढे धरायच्या. "ही गरम पेज. फुंक. हळू, सांडंल." पोर फुंकायचं. लांब फुंकर घातली की काळजाची धावपळ कमी होते, असं त्या सांगायच्या. मग पोराचा हात त्याच्याच छातीवर. "बेडूक उड्या मारतो का बसला?" बसला म्हणेपर्यंत सोडत नसत. आम्हा बायकांना बजावायच्या, "आदी तुमचा बेडूक बसवा. घाबऱ्या छातीवर पोर कसं निवंल?"

चिंगी चार वर्षांची झाली तेव्हा आम्ही म्हसा गावच्या जत्रेला, बैलबाजारात गेलो. तिला शिट्टी हवी होती. मी नाही म्हटलं. ती रडायला लागली, आवाज तुटायला लागला. जावेने माझा दंड धरला. "गेली गो, गेली! चल घरला, आज डाग देतेच."

मी तिथेच, बैलांच्या शेणामातीत, फतकल मारली. पोरीला पाठमोरी ओढून घेतलं आणि ओंजळ धरून फुंकायला लागले. माझीच छाती धडधडत होती. मी फुंकत राहिले. शेवटी चिंगीनेही फुंकलं. शेंबडासकट.

"बसला का गो?"

"नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "बसला. शिट्टी?"

जावेने लगेच शिट्टी घेऊन दिली. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला चांगलंच झाडलं. "काकी, दोन वरसं मी काय झक मारली?" जाऊ हसत बसली. डागाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

वत्सलाबाई पुढे काविळीने गेल्या. नंतर जाऊही गेली. तिला शेवटची आंघोळ मीच घातली. पोटावर ते तीन चट्टे तसेच होते.

चिंगी जगली. तिच्या पोटावर एकही चट्टा नाही.